कुंडीत ओतलेलं दूध

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, चिमी सकाळी काही म्हणजे काही खात नाही. दूध तेवढं कसंबसं पाजतो आणि शाळेत पाठवतो." मी नुसतं हं हं केलं. शेजारी तुझी आई बसली होती, आणि या विषयावर मी तोंड उघडलं की तिला हसू आवरत नाही. म्हणून आज लिहायला बसलो. 'दूध तेवढं पाजतो' हे वाक्य मुळात माझं आहे. तीस वर्षांपूर्वी मी ते रोज म्हणायचो आणि त्याची किंमत तू मोजलीस.

तू दुसरीत होतास. आईची ड्यूटी पहाटेची, त्यामुळे तुझी सकाळ माझ्या गळ्यात. 6.40 ला तुला उठवायचं, 7.20 ला शाळेची गाडी. मधल्या वेळात दात, आंघोळ, बुटाची हरवलेली लेस आणि आदल्या रात्री दप्तरात भरली होती अशी शपथ घेऊन सांगितलेली, पण कुठेच नसलेली वही. नाश्त्याला उरायची चार मिनिटं. मग मी मोठा पेला भरून दूध करायचो, त्यात दोन चमचे साखर, वर चॉकलेटची पूड, आणि हातात चार बिस्किटं. पेला रिकामा दिसला की माझं कर्तव्य संपलं. संध्याकाळी भूक लागली म्हणालास की पुन्हा दूध. रात्री जेवला नाहीस तरी दूध. दुधात सगळं असतं अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती तपासून बघावी असं मला कधी वाटलंच नाही.

मग तू दमायला लागलास. जिना चढताना मध्येच पायरीवर बसायचास. वर्गात पेंगतो अशी शाळेतून चिठ्ठी आली. मी तुलाच रागावलो, लवकर झोपत नाहीस म्हणून. शेवटी आईने दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 9.6. त्या वयाच्या मुलाचं ते निदान 11.5 तरी हवं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसभरात दूध किती पितो? मी छाती फुगवून सांगितलं, "लिटरभर तरी." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

त्यांनी सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर त्यातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह शोषलं जाताना आडवं येतं. आणि लिटरभर दुधाने पोट भरलेलं पोर डाळ, कडधान्यं, पालेभाजी खाणार कधी? दूध बंद करायचं नाही, ते त्यांनी निक्षून सांगितलं. बी-12 हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसतं, शाकाहारी मुलाला ते मुख्यतः दूधदह्यातूनच मिळतं. फक्त दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवायचं आणि लोहाच्या खाण्याबरोबर ते द्यायचं नाही. पुढे तीन महिने तुला लोहाचं सिरप होतं. त्याने दात काळे पडतात म्हणून आई ते स्ट्रॉने पाजायची आणि लगेच चूळ भरायला लावायची. स्ट्रॉ तुला आवडली, सिरप नाही.

तर सकाळी दुधाऐवजी काय, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा माझ्यापुढे आला. बाई म्हणाल्या, कडधान्य आणि त्याच्याबरोबर काहीतरी आंबट. यातली मेख आंबटात आहे. वनस्पतींमधलं लोह ज्या रूपात असतं ते आतड्याला नीट उचलता येत नाही. त्याच खाण्यात सी जीवनसत्त्व असलं, म्हणजे लिंबू, संत्रं, पेरू, टोमॅटो असलं, की ते बरंच जास्त उचललं जातं. दुपारी खाल्लेल्या संत्र्याचा सकाळच्या हरभऱ्यांना उपयोग नाही, दोन्ही एका वेळेलाच पोटात जायला हवं. आणि लिंबू ताटात पिळायचं, कढईत नाही, कारण सी जीवनसत्त्व उष्णतेने नासतं. चहा याच्या बरोबर उलटं काम करतो. चिमी तुझ्या कपातले दोन घोट मागते असं तूच सांगितलं होतंस, तेवढं सकाळी बंद कर.

हरभऱ्यांचं तंत्र बसवायला मला महिना लागला. पहिल्या दिवशी मी ते सकाळी उठून भिजत घातले! आई अजून सगळ्यांना सांगते. मग शनिवारी रात्री दोन वाट्या भिजत घालायचे, रविवारी कुकरमध्ये अगदी मऊ शिजवायचे आणि डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायचे, असा नेम केला. ते तीन-चार दिवस छान राहतात. सकाळी एक वाटी काढायची, चमचाभर तेलावर दोन मिनिटं परतायची, मीठ, लिंबू, संपलं. गुरुवारी-शुक्रवारी मूग. मोड आणले तर उत्तम, भिजवल्याने आणि मोड आणल्याने धान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. पण चिमीएवढ्या मुलीला कच्चे मोड देऊ नकोस. ज्या ऊबदार ओलाव्यात मोड फुटतात त्यातच जंतूही वाढतात, म्हणून चांगले वाफवूनच दे.

तू काय केलंस? थुंकलास. पहिल्या आठवड्यात रोज. मी चमचा घेऊन घरभर तुझ्या मागे फिरायचो, विमान आलं, कावळा आला, सगळे खेळ केले. एक दिवस आईची सुट्टी होती, तिने हा तमाशा पाहिला आणि म्हणाली, "तू काय द्यायचं आणि किती वाजता द्यायचं ते ठरव. किती खायचं ते त्याला ठरवू दे." मला ते पटलं नाही. पण दमलो होतो म्हणून ऐकलं. बशीत दहा हरभरे मोजून ठेवायचे आणि आपण शेजारी बसून आपले खायचे, एवढंच. नव्या चवीशी मैत्री व्हायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही तो पदार्थ समोर यावा लागतो. आपण तिसऱ्या वेळीच 'याला आवडत नाही' असं जाहीर करून टाकतो, आणि मुलंही ते ऐकून तसंच म्हणायला लागतात. बाराव्या की तेराव्या दिवशी तू बशी पुढे सरकवून अजून मागितलेस. मी गाडी चुकेल या धास्तीने नको म्हणालो, हा माझा आणखी एक मूर्खपणा.

आता भुकेचं. तू सांगतोस की चिमीला उठवल्याबरोबर टेबलाशी बसवतोस. मीही तेच करायचो. डोळे उघडले नाहीत तोवर घास. तुला तरी उठल्या उठल्या भूक लागते का? खाणं शेवटी ने. पाणी, तोंड, आंघोळ, कपडे, दप्तर, बूटसुद्धा, आणि मग खाणं. तोवर अर्धा तास होतो आणि पोट जागं होतं. सांडलं तर कपडे खराब होतील म्हणशील. होतील. वरून तुझा जुना शर्ट उलटा चढव, आम्ही तेच करायचो. आणि रात्रीचं जेवण तुमच्याकडे फार उशिरा होतं, हे मी आलो होतो तेव्हाच पाहिलं. साडेनवाला जेवलेल्या मुलीला सकाळी सातला भूक कुठून लागणार? शिवाय तिच्या वयाला दिवसाकाठी 10 ते 13 तासांची झोप लागते. जेवण साडेसातला आणलंत तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. सूनबाईंना हे मी सांगितलं असं सांगू नकोस, तुझं म्हणून सांग.

आम्हाला तेव्हा न सुचलेली एक गोष्ट तुझ्या घरी सहज होण्यासारखी आहे. ओट्स रात्री दह्यात किंवा दुधात भिजवून बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेव. सकाळपर्यंत आपोआप मऊ होतात, गॅस पेटवायलाच नको. ज्या दिवशी कडधान्य नाही त्या दिवशी हे. वर पिकलेलं केळं कुस्करून घातलं की साखर लागत नाही. त्यात एक मोठा चमचा शेंगदाण्यांचा किंवा बदामांचा कूट आणि थोडे तीळ. तीळ न सोललेले घे, त्यांत कॅल्शियम भरपूर असतं. पण कूटच, अख्खे दाणे नकोत. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो, आणि ही तर खाताना बडबड करणारी आहे. शेंगदाणे, तीळ तिला सोसतात हे एकदा नीट पाहिलेलं असावं, म्हणजे घाईच्या सकाळी पंचाईत नको.

धिरड्याचं मला फार सांगायला नको, ते तुला येतं. मुगाची डाळ तीन-चार तास भिजवून वाटून ठेवलीस तर पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. त्यात किसलेलं गाजर, चिरलेला पालक, टोमॅटो, जे असेल ते. गुंडाळी करून हातात देता येतं हा त्याचा मोठा गुण. अगदीच उशीर झाला त्या दिवशी ब्रेडवर शेंगदाण्याचं लोणी लाव आणि सोललेलं संत्रं दे. रस नको, संत्रंच दे. फळ पिळलं की त्यातली साखर मोकळी होते आणि चोथा आपण फेकून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली, दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत, जमलं तर 5 टक्क्यांच्या, तिच्यात फळांचा रसही मोजतात, अख्खं फळ मोजत नाहीत. चिमीच्या वयाला 5 टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम चार चहाचे चमचे. माझ्या त्या एका पेल्यात दोन चमचे साखर, शिवाय पुडीतली वेगळी, शिवाय बिस्किटांतली. सकाळचे सात वाजायच्या आत मी तुझा दिवसाचा कोटा संपवत होतो, आणि तोही प्रेमाने. डब्यातून येणारे रंगीत, कुरकुरीत सिरिअल्सही बहुतेक याच जातीचे. खोक्याच्या मागच्या बाजूला साखर किती लिहिलीय ते वाच, पुढच्या बाजूचं वाघाचं चित्र बघू नकोस.

प्रथिनांची काळजी तू उगाच करतोस असं मला वाटतं. चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 20 ग्रॅम लागतात. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम असतात, वाटीभर शिजवलेल्या डाळीत किंवा हरभऱ्यात तेवढेच किंवा जास्त. धान्य आणि कडधान्य दोन्ही दिवसभरात पोटात गेली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. त्यासाठी महागडी पावडर आणायची गरज नाही. आणली असशील तर मला सांगू नकोस.

एखाद्या दिवशी ती दोनच घास खाऊन जाईल. जाऊ दे. 'सकाळची न्याहारी म्हणजे दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं खाणं' हे वाक्य आपण वेदवाक्यासारखं म्हणतो, पण ते घरोघर पोचवण्यात अमेरिकेतल्या सिरिअल विकणाऱ्यांचा मोठा हात आहे. 1944 साली तर त्यासाठी रेडिओवरून खास जाहिरातमोहीम चालवली होती. रात्रभर उपाशी असलेल्या पोराला सकाळी काहीतरी सकस मिळावं हे खरंच, पण त्यासाठी रडारड करून पोटात ढकलू नये. त्या दिवशी डब्यात थोडं जास्त घाल आणि हसून टाटा कर. माझ्या हातून तेवढं कधी झालं नाही. तुझ्या सकाळच्या आठवणींत माझा आवाज चढलेलाच असणार.

दूध संध्याकाळी दे, खेळून आल्यावर, बिनसाखरेचं. दोन-तीन दिवस तोंड वाकडं करेल. आणि ती दमते, फिकी दिसते असं जरा जरी वाटलं तरी तपासून घे, माझ्यासारखा चिठ्ठीची वाट बघत बसू नकोस.

आज शनिवार. हरभरे रात्री भिजत घाल. दोन वाट्यांहून जास्त नकोत, फुगून दुपटीच्या वर जातात.

तुझा,
बाबा

ता. क. तुझं लोहाचं सिरप सुरू असतानाच एकदा खिडकीतल्या कुंडीची माती बदलायला काढली होती. तिला इतका आंबूस वास येत होता की आईने दार उघडून वारा घेतला. रोज सकाळी रिकामा दिसणारा पेला निम्मा तरी तिथेच जात होता. चिमीच्या खुर्चीजवळ कुंडी आहे का, ते एकदा बघून घे.