लालबागच्या मिस्त्रीकाकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. त्या रात्री मी बोलायला लागले, तर "आधी गाडी आत घ्या, पाऊस येतोय" म्हणालात आणि टॅक्सीला हात करून निघूनही गेलात. म्हणून चारचौघांत लिहितेय.

बाबांची एमजीबी, म्हणजे ती छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७६ ची. इंग्लंडमधली नोकरी संपवून परतताना त्यांनी ती बोटीनं आणली. पण एक सल कायम होता. १९६२ मध्ये हे मॉडेल ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघालं, तेव्हा गाडी रस्त्याला बिलगून बसायची. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या नियमांपायी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले आणि अख्खी गाडी सुमारे दीड इंच वर उचलली गेली. तेव्हापासून वळणावर ती जास्तच कलते. "टाचा उंचावून उभी राहिलीय बिचारी," बाबा म्हणायचे. वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांनी ठरवलं, आता तिला खाली बसवायची.

आधी गेलो ते काचेच्या दारांच्या गॅरेजमध्ये. एसी, कॉफी, सगळं. त्यांनी पुढच्या स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा ग्राइंडरनं कापून टाकला! कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, आणि चाक लोंबलं की जागेवर नीट बसत नाही. गाडी खाली आली, पण खड्डा आला की बाबांच्या पाठीत कळ आणि पुढून खडखडाट. परत गेलो तर म्हणाले, "अंकल, जुन्या गाड्या अशाच असतात." दुसऱ्या एकानं आगाऊ पैसे घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. बाबांनी गाडीवर कव्हर घातलं ते आठ महिने काढलं नाही. संध्याकाळी खाली जायचे, कव्हरावरूनच बॉनेटवर हात ठेवायचे आणि वर यायचे. पैसे गेल्याचं मी विसरेन. ते "अंकल" नाही विसरणार.

तुम्ही मडगार्डखाली हात घातलात आणि एवढंच विचारलंत, "कापली कोणी?" पुढे त्या माणसांबद्दल वाईट शब्द नाही. मग माझ्याकडे नाही, बाबांकडे वळलात. "साहेब, गाडी तुम्हीच चालवणार ना? वजन किती तुमचं?" तोवर सगळे माझ्याशीच बोलत होते, म्हातारा माणूस शेजारी उभा नसल्यासारखे.

पुढे इंग्लंडहून मागवलेल्या स्प्रिंगा, मागे ॲक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे ठोकळे, एवढं मला समजलं. बाबा दीड इंचाचा हट्ट धरून होते. तुम्ही एका इंचावर थांबलात. "मुंबईत चालवायचीय ना?" बुशांचे, म्हणजे सांध्यांतल्या रबरांचे, नट तर तुम्ही गाडी चाकांवर उतरवून, बाबांना सीटवर बसवूनच आवळलेत. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, हे मला तेव्हा कळलं.

पण मला लिहायचंय ते त्या रात्रीबद्दल.

काम झालं होतं, पैसे दिले होते. तरी तुम्ही आमच्याबरोबर हिंदू कॉलनीपर्यंत आलात, कारण बाबा सहज बोलून गेले होते की सोसायटीच्या फाटकाजवळचा स्पीडब्रेकर फार उंच आहे. साडेनऊ वाजले होते. नुकतीच सर येऊन गेली होती, डांबरावर पाणी होतं. तुम्ही गाडी थांबवायला लावलीत, चपला कडेला काढल्यात, माझ्या हातात टॉर्च दिलात आणि त्या ओल्या रस्त्यावर सरळ आडवे झालात. साठी उलटलेला माणूस, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. बाबांनी पुढची चाकं अलगद पलीकडे उतरवली आणि गाडी उभी केली. तुम्ही सायलेन्सर आणि स्पीडब्रेकरच्या फटीत हात सरकवलात. टॉर्चच्या उजेडात मला तुमची बोटं दिसत होती, नखांत काळं ग्रीस, एकाला एक चिकटवलेली.

"चार बोटं जातायत, साहेब. बिनधास्त या."

बाबांनी गाडी पलीकडे नेली. कुठे काही घासलं नाही. ते खाली उतरले, तुम्हाला उठायला हात दिला आणि किती तरी वेळ तो सोडला नाही. शर्टाची पाठ चिखलानं भरली होती. मी टॉवेल आणायला वळले, तोवर टॅक्सी आली होती.

काका, बिलात न बसणारं काम करणारी माणसं मी ऐकून होते. आमच्या फाटकाशी रस्त्यावर झोपलेलं पहिल्यांदा बघितलं.

आता बाबा रोज सकाळी सहाला, रस्ते मोकळे असताना, फाइव्ह गार्डन्सला फेरी मारून येतात. फाटकाशी आले की वेग कमी करतात आणि स्वतःशीच म्हणतात, "चार बोटं."

३०० मैल झाले की मागचे नट परत तपासायला आणा, म्हणाला होतात. मीटरवर २७० झालेत. येत्या रविवारी बाबा येतायत. आईनं पुरणपोळ्या करायच्या ठरवल्यात, त्या दिवशी घरून डबा आणू नका.

तुमची,
एमजीवाल्या साहेबांची मुलगी