चालत खेळायचा फुटबॉल आणि ठरलेला तास

लिव्हरपूल, रविवार

तीर्थस्वरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मंडळाच्या बैठकीत काय ठरलं ते सचिनदादाने कळवलं. नेरुळच्या आपल्या मैदानावर वस्तीतल्या मुलांसाठी फुटबॉल आणि ज्येष्ठ नागरिक संघासाठी व्यायामाचं काहीतरी, दोन्ही वर्षभर चालवायचं, आणि इथल्या क्लबांच्या संस्था हे कसं करतात ते बारकाव्यांसकट लिहून पाठवायचं. फोनवर निम्मे मुद्दे सुटतात, म्हणून पत्रच लिहिते. बैठकीत वाचून दाखवलंत तरी हरकत नाही.

आधी संस्थेची घडण. एव्हर्टन हा इथला फुटबॉल क्लब वेगळा आणि ‘एव्हर्टन इन द कम्युनिटी’ ही त्याची धर्मादाय संस्था वेगळी. विश्वस्त वेगळे, हिशेब वेगळा, नोंदणी वेगळी. क्लब आपलं नाव आणि जागा देतो, खेळाडूंना अधूनमधून पाठवतो. बाकी पैसा प्रीमियर लीग या वरच्या क्लबांच्या स्पर्धेच्या धर्मादाय निधीकडून, नगरपालिकेकडून, आरोग्यसेवेकडून आणि देणगीदारांकडून त्या त्या कामासाठी मागून आणावा लागतो. अशा कामाची सुरुवात 1986 ची. खेळाडूंच्या संघटनेने वायव्य इंग्लंडमधले सहा क्लब घेऊन ती केली. तेव्हा प्रेक्षकांच्या हाणामाऱ्यांनी फुटबॉलचं नाव खराब झालं होतं, कारखाने आणि गोद्या बंद पडून बेकारी वाढली होती, आणि क्लब ज्या वस्तीत उभा तिथल्या माणसांशीच त्याचं नातं तुटत चाललं होतं. एव्हर्टनची संस्था 1988 ची.

एव्हर्टनचं जुनं स्टेडियम गुडिसन पार्क डोळ्यांपुढे आणायचं तर गिरणगाव आठवा. भिंतीला भिंत लागून विटांची घरं, त्यांच्या मधोमध स्टेडियम, आणि एका कोपऱ्यात सेंट ल्यूकचं चर्च जवळजवळ आत शिरलेलं. 2025 च्या मे महिन्यात पुरुषांचा संघ तिथला शेवटचा सामना खेळून गोदीकाठच्या नव्या स्टेडियमला गेला आणि गुडिसन महिला संघाला मिळालं. संस्थेच्या इमारती मात्र त्याच गल्ल्यांत राहिल्या. नेहमीच्या शाळेत न टिकलेल्या मुलांसाठी 2012 मध्ये सुरू केलेली शाळा तिथेच आहे, मनाच्या आजारांवर मदत करणारं ‘द पीपल्स प्लेस’ हे केंद्रही तिथेच. मला या कामात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. क्लबच्या नावामुळे माणूस पहिल्यांदा दारात येतो, पण पुढे येत राहतो तो ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीच जागा आणि तोच ओळखीचा माणूस यांमुळे. आपल्याकडे पैसा जातो एका दिवसाच्या शिबिरावर, मांडव-माईकवर आणि ढालींवर. नेरुळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचा एक उपांत्य सामना झाला, 2022 मध्ये त्याच वयाच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या मुलाला आठवड्यातला एक पक्का तास मिळवून देणं मंडळाच्या हातात आहे.

आता ज्येष्ठांचं, कारण तुमचा सगळ्यांत मोठा प्रश्न तोच होता. इथे पन्नाशीच्या पुढची माणसं चालत फुटबॉल खेळतात. 2011 मध्ये चेस्टरफील्ड क्लबच्या संस्थेने हा प्रकार सुरू केला आणि आता तो देशभर खेळला जातो. मुख्य नियम एकच, पळायचं नाही. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय एकाच वेळी सुटले की ते पळणं, शिटी वाजते आणि बॉल समोरच्या संघाला. डोक्याने बॉल मारणं नाही, घसरून अडवणं नाही, मागून धक्का नाही. बॉल डोक्याच्या वर गेला की समोरच्यांना फ्री किक, आणि त्या वेळी बाकीच्यांनी 3 मीटर लांब उभं राहायचं. बॉल बाहेर गेला तर हाताने फेकायचा नाही, पायाने आत ढकलायचा. एका बाजूला पाच ते सात जण. आपल्या मैदानाचा 40 बाय 20 मीटरचा तुकडा पुरे.

लोकांना वाटतं चालण्यात कसला व्यायाम. दहा मिनिटं खेळा, शर्ट भिजतो. पळता येत नाही म्हणून बॉल यायच्या आधीच जागा धरावी लागते, सारखी दिशा बदलावी लागते, आणि गुडघ्यावर पळण्याचा दणका मात्र बसत नाही.

बिघडतं कुठे तेही सांगते. पहिलं, चुरस. सामना बरोबरीत आला की सत्तरीचे आजोबाही नकळत धावायला लागतात, आणि पोटरी किंवा टाचेच्या वरची शीर तेव्हाच दुखावते. म्हणून शिटी न खेळणाऱ्या माणसाकडे द्या. पहिल्या महिन्यात गोल मोजूच नका, आणि दर पंधरवड्याला संघ मिसळा. दुसरं, अंग मोकळं न करता उतरणं. पंधरा मिनिटं आधी हळू चालणं, मग भरभर चालणं, घोटे फिरवणं, पायरीवर चवडे टेकवून टाचा वर-खाली, आणि मगच बॉल. उशिरा आलेल्यानेही हे सगळं करायचं. तिसरं, बूट. आपल्या मुरमाच्या मैदानावर स्टडचे बूट घसरतात आणि घोटा मुरगळतो. सपाट रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट घ्या, नाडी घट्ट. चप्पल किंवा सँडल घालून आलेल्या माणसाने त्या दिवशी शिटी वाजवावी.

पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून एका पानाचा फॉर्म भरून घ्या. छातीत दुखतं का, चक्कर येते का, रक्तदाब आणि साखरेची कोणती गोळी चालू आहे, मागच्या सहा महिन्यांत शस्त्रक्रिया झाली का, घरच्या माणसाचा फोन. छातीच्या किंवा चकरेच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर आधी डॉक्टरची चिठ्ठी, मग खेळ. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी यायचं नाही. ग्लुकोजची पुडी शिटीवाल्याच्या खिशात ठेवा, कारण साखर उतरलेल्या माणसाला घाम येतो, हात थरथरतात आणि तो चिडचिडा होतो. आजूबाजूच्यांना वाटतं खेळात चिडला. कोणी कोसळला, हाक मारून हलत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर एकाने 108 लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यायची. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. हे निदान चार जणांनी सरावाच्या पुतळ्यावर शिकलेलं हवं, एकाने शिकून भागत नाही, तो नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो.

वेळ सकाळी साडेसहा ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात आठनंतर नेरुळची दमट हवा ज्येष्ठांना सोसत नाही. पावसाळ्यात तास बंद करू नका. शाळेचा हॉल किंवा सोसायटीची पत्र्याखालची जागा मिळवून तिथे चार-चार जणांत खेळा. चार महिने खंड पडला की निम्मी माणसं परत येत नाहीत.

मुलांकडे वळते. इथे ‘प्रीमियर लीग किक्स’ म्हणून योजना आहे, 2006 मध्ये लंडनच्या पोलिसांना सोबत घेऊन सुरू झालेली. तास संध्याकाळी, मुलं राहतात तिथल्याच मैदानावर, फी नाही. वेळ मुद्दाम अशी की मुलं नाहीतर कोपऱ्यावर उभी राहिली असती. आपल्याकडे आई-बाप तुर्भ्याच्या एमआयडीसीतून किंवा लोकलने उशिरा घरी येतात, त्यामुळे साडेपाच ते सात हीच रिकामी वेळ. क्लासच्या वेळा आधी विचारून घ्या, नाहीतर मुलगा पहिल्या आठवड्यात येतो आणि तिसऱ्यात गायब होतो.

चोवीस मुलं धरली तर बारा बॉल, खुणेसाठी चाळीस प्लास्टिकचे कोन आणि संघ ओळखायला शर्टावर घालायची दोन रंगांची बारा-बारा बिब. बॉलचा आकार वयाप्रमाणे: आठ-नऊ वर्षांपर्यंत तीन नंबर, चौदापर्यंत चार, पुढे पाच. मुरमावर शिवलेल्या बॉलचा दोरा दोन महिन्यांत उसवतो, त्यामुळे साचातला रबरी बॉल घ्या. पंपाची सुई आत घालण्याआधी पाण्यात बुडवा. कोरडी सुई दाबली की व्हॉल्व्हचं रबर आतून फाटतं, आणि मग रोज हवा भरली तरी सकाळी बॉल पिचकलेला.

रांगा लावून मारायला लावू नका. बारा मुलांच्या रांगेत एका मुलाच्या पायाला तासाभरात बॉल जेमतेम पाच मिनिटं लागतो, बाकी वेळ तो पुढच्याला ढकलत उभा. 30 बाय 20 मीटरचे तीन चौकोन आखा आणि प्रत्येकात चार विरुद्ध चार खेळवा. शिकवायचं ते खेळ थांबवून अर्ध्या मिनिटात.

गणपती-नवरात्रानंतरच्या पहिल्या तासाआधी एक काम विसरू नका. मांडव उठला की खांबांचे खड्डे, खिळे आणि तारांचे तुकडे मातीत राहतात. दहा जणांनी हाताच्या अंतरावर उभं राहून मैदान एकदा लांबीने, एकदा रुंदीने चालायचं, आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक ओढत न्यायचं. खड्डे मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकायचे. नुसती माती लोटली तर पहिल्याच पावसात खड्डा तसाच उघडा पडतो आणि कोणाचा तरी घोटा त्यात जातो.

मुलांच्या सुरक्षेबाबत इथले नियम कडक आहेत आणि ते तसेच्या तसे घ्या. 9 ते 12 वयाला आठ मुलांमागे एक मोठा माणूस, 13 ते 18 ला दहामागे एक, आणि काहीही झालं तरी दोन मोठी माणसं हजर. दुसरा आला नाही तर तास रद्द. कोचची पोलीस पडताळणी झाल्याशिवाय शिटी हातात द्यायची नाही, मग तो मंडळाचा जुना कार्यकर्ता का असेना. कोचने एकट्या मुलाला मेसेज करायचा नाही, पालक असलेल्या ग्रुपवरच लिहायचं. एकट्याला गाडीवरून घरी सोडायचं नाही. लैंगिक अत्याचाराबद्दल मुलाने काही सांगितलं तर मंडळात बैठक घेऊन चौकशी करत बसू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. एरवी मूल अडचणीत दिसलं तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. घरचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसण्याची आपल्याकडची सवय मुलाचाच घात करते. काका, या एका मुद्द्यावर कोणाचीही भीड बाळगू नका.

मुलींसाठी वेगळा तास, बाई कोच, जवळ स्वच्छ शौचालय आणि परतीच्या रस्त्यावर दिवा. यातलं एक जरी नसेल तर बारा-तेराव्या वर्षी मुली यायच्या बंद होतात आणि आपण म्हणतो त्यांना आवड नाही.

चाळिशीच्या पुरुषांसाठी स्कॉटलंडचा एक प्रयोग तुमच्या कामी येईल. 35 ते 65 वयाच्या, वजन वाढलेल्या पुरुषांना त्यांच्या आवडत्या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमवर बारा आठवडे बोलावलं. आठवड्याला दीड तास, थोडं खाण्याबद्दल बोलणं आणि थोडा व्यायाम, सोबत पावलं मोजायचं यंत्र. 13 क्लबांतल्या 747 पुरुषांवर याची रीतसर चाचणी झाली. 2014 च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातले आकडे सांगतात की वर्षानंतर या पुरुषांचं वजन कार्यक्रमात न घेतलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे 5 किलो जास्त उतरलं होतं. दवाखान्यात न जाणारा पुरुष क्लबच्या दारात जातो, कारण तिथे त्याच्यासारखेच पोट सुटलेले, त्याच संघाचे चाहते भेटतात. आपल्याकडे क्लबची ती जागा मंडळाच्या कार्यालयाला आहे. भाषण नको. वही, वजनकाटा आणि एकत्र चालणं पुरेल.

गरजूंसाठी धान्य गोळा करण्याबद्दल दादाने विचारलं होतं. इथे एव्हर्टन आणि लिव्हरपूल या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांच्या चाहत्यांनी 2015 मध्ये एकत्र येऊन सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर अन्न गोळा करायला सुरुवात केली. लोक सोयीचं तेच देतात आणि एकाच वस्तूचा ढीग साचतो, म्हणून काय हवं आहे ते आधीच जाहीर करावं. आपल्याकडे तांदूळ सगळे देतील. तेल, तूरडाळ, साबण आणि सॅनिटरी पॅड फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा.

पैशांचं थोडक्यात. मंडळाची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून असेल तर घटनेतल्या उद्देशांत खेळ आणि आरोग्य बसतं का ते आधी पाहा, आणि या कामाचं बँक खातं उत्सवाच्या वर्गणीपासून वेगळं ठेवा. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. एखाद्या कंपनीने एका वर्षाचा निधी दिला तर त्यातून सहा महिन्यांचं कोचचं मानधन बाजूला काढूनच टी-शर्टची ऑर्डर द्या. इथेही निधी संपला की कोच जातो, आणि मुलांच्या मनाला तेच सगळ्यांत जास्त लागतं. हजेरीत ‘आज किती आले’ यापेक्षा नावानिशी लिहा. सलग तीन वेळा न आलेल्याच्या घरी कोणीतरी जाऊन यायचं.

तुम्ही सध्या एवढंच करा: मैदान पावलांनी न मोजता टेपने मोजून लांबी-रुंदी कळवा, आणि पाणी कुठे साचतं ते कागदावर काढून फोटो पाठवा. त्यावरून चौकोन कसे आखायचे ते मी काढून पाठवते, सोबत ज्येष्ठांच्या फॉर्मचा मराठी नमुना. काकूंचा गुडघा बरा असेल तर त्यांचं नाव पहिल्या यादीत घाला. त्यांना नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, चिऊला गोड पापा.

आपली पुतणी,
मनीषा