ऊसतोड बायकांच्या तपासणीसाठी हातभार लावा

कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो,

गळीत हंगाम तोंडावर आला. बीडकडच्या टोळ्या आता पंचगंगा-भोगावतीच्या काठाला पालं टाकतील. त्यांतल्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी यंदा पालांपाशी जाऊनच करायची, असं आमच्या महिला मंडळानं ठरवलं आहे. त्यासाठी हे मागणं.

गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो तो बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे. शरीरसंबंधातून पसरणारा हा संसर्ग इतका सर्रास आढळतो की त्यावरून कुणा बाईचं चारित्र्य काढू नये. बहुतेकींचा तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात मात्र ठाण मांडतो. मग तिथं सूज राहते, ऑक्सिजनचे उपद्रवी कण वाढतात (डॉक्टर याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात) आणि पेशींच्या डीएनएला इजा होत राहते. विडी-सिगारेटचा धूर त्यात भर घालतो, आणि मशेरी हाही शेवटी तंबाखूच. तरीही संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. एवढा अवधी हाताशी असताना बाई दगावते, हे आम्हाला सहन होत नाही.

तपासणी साधी आहे. गर्भाशयमुखाला ५ टक्के ॲसिटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढचे उपचार. तिशीनंतर दर पाच वर्षांनी एकदा, बस्स. गेल्या हंगामात ट्रॉलीला लुगडी बांधून आम्ही आडोसा केला होता. हातात कोयता तसाच धरून एक बाई विचारत होती, "किती टाइम लागंल? मुकादम खाडा लावंल." नंबर येण्याआधीच ती निघून गेली. अंगावरून पांढरं जातं म्हणून ऐन तिशीत पिशवी काढून बसलेल्या बायाही तिथंच भेटल्या.

म्हणून यंदा खाड्याची (काम बुडाल्याबद्दल कापल्या जाणाऱ्या पैशांची) भरपाई आम्ही देणार आहोत. देणगीतला मोठा वाटा त्यालाच लागेल. शिवाय घडीचं तपासणी टेबल, बॅटरीचा दिवा, पडदे, निर्जंतुक स्पेक्युलम (आतून तपासायचं साधन) हवेत. डाग दिसलेल्या बाईला सीपीआर रुग्णालयात न्यायला गाडी आणि सोबतीला एक बाईमाणूस हवं. पेठांतल्या तालमींनी गाडीचं मनावर घ्यावं. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि परिचारिकांनी अर्धा दिवस दिला तरी पुष्कळ. जुने कपडे मात्र कृपया आणू नका.

देणगी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी द्यावी, पावती लगेच मिळेल. जमाखर्च दर महिन्याला दारातल्या फलकावर लावू. पहिलं शिबिर दिवाळी झाल्या झाल्या आहे, तेव्हा मदत त्याआधी पोहोचवा.