मा. उच्च शिक्षणमंत्री, केळीवरचा व्हायरस घड्याळी तास बघून वाढत नाही

साहेब, नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे घड्याळी तासाप्रमाणे (क्लॉक अवर बेसिस) पगारावर, बॉटनी शिकवतो. परवा आमचा उणे 80 अंशांचा डीप फ्रीझर बंद पडला. दुरुस्तीचा अर्ज कधीचा पडून होता, वरून उत्तर एकच, ग्रँट आली की बघू. रावेर-यावलच्या बागांमधून एमएस्सीच्या पोरांनी गोळा केलेली, सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) लागलेली केळीची पानं होती त्यात, सगळी गेली. आरएनए व्हायरस आहे हा, सॅम्पल वितळलं की आरएनए तुटतो, मग व्हायरस ओळखायची आरटी-पीसीआर चाचणी कशाची लावायची?

सीएमव्ही म्हणजे आमच्याकडचा हरण्या रोग. मावा कीड काही सेकंद रस चाखते, व्हायरस उचलते आणि पुढच्या झाडावर नेऊन सोडते. औषध नाही, झाड उपटून नष्ट करायचं एवढंच. 2020 च्या पावसाळ्यात लोकांनी उभ्या बागा उपटल्या, त्यातल्याच काही घरांतली पोरं आज माझ्या वर्गात आहेत. पुस्तकातला मोझॅक, म्हणजे पानावरचे फिके-गडद चट्टे, ती परीक्षेपुरता पाठ करतात, पण रोगट पान खलात वाटून रस चवळीच्या पानावर स्वतः चोळला आणि काही दिवसांनी तिथे तपकिरी ठिपके उठले की मग प्रश्न विचारायला लागतात, सर हा व्हायरस लॅबमध्ये वाढवलेल्या टिश्यू कल्चरच्या रोपातून आला का, बांधावरच्या काकडीवरून आला का. हेच शिकवणं आणि हेच संशोधन, मला तरी दोन्ही वेगळं करता येत नाही.

पण तुमच्या हिशोबात फक्त लेक्चरचा तास धरतात. रविवारी येऊन ठिपके मोजले, पोरांना घेऊन बागा फिरलो, त्याचा पगार शून्य, आणि जो मिळतो तोही महिनोन् महिने रखडतो, घरी किराण्याची उधारी चालू आहे. यूजीसीने 2019 लाच तासाला 1500, महिन्याला 50 हजारांपर्यंत सांगितलंय, इथे कोणाला मिळतात? नवीन शैक्षणिक धोरणात एमएस्सीला रिसर्च प्रोजेक्ट सक्तीचा केलात, मग प्रायमर, किट, केमिकलचे पैसे पोरांनी बापाकडून आणायचे का? शिक्षणावर जीडीपीच्या 6 टक्के खर्च करा हे कोठारी आयोगापासून ऐकतोय, 2020 च्या धोरणातही तेच लिहिलंय, आणि संशोधनावर देश एक टक्कासुद्धा खर्च करत नाही. सरकारं बदलली, भरतीची आश्वासनं तीच राहिली, माझ्यासारख्यांची वयं निघून गेली.

फ्रीझर दुरुस्त करून द्या, लॅबचे आणि फील्डचे तास पगारात धरा, रिकाम्या जागा भरा. पोरांना याच सेमिस्टरला प्रोजेक्ट सबमिट करायचाय, त्यांचे सॅम्पल पुन्हा गोळा करावे लागणार आहेत.

एक सीएचबी प्राध्यापक