तलावात स्फुरद किती येते, ते आधी मोजा : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

तलाव संवर्धनाच्या आराखड्यांत कारंजी, जलपर्णी काढणे आणि गाळउपसा यांसाठी हमखास तरतूद असते. येणाऱ्या पाण्यातून किती स्फुरद (फॉस्फरस) तलावात उतरते, हे मोजण्यासाठी मात्र क्वचितच असते. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

गोड्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख जीवाणू असतात. विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनच्या रूपाने खाद्य त्यांच्याभोवती असते, पण डीएनए आणि पेशीपटल घडवायला लागणारे स्फुरद पुष्कळदा तुटपुंजे असते. म्हणून पोषकद्रव्ये कमी असलेल्या तलावात जीवाणू खाल्लेल्यापैकी बहुतेक कार्बन श्वसनात जाळतो आणि जेमतेम दहावा हिस्सा शरीरवाढीला लावतो. पोषकद्रव्ये मुबलक झाली की हा हिस्सा निम्म्याच्या आसपास जाऊ शकतो. यातून प्राणवायू वाचेल असे वाटेल, पण घडते उलटे, कारण जीवाणूंची संख्या वाढते आणि त्याच स्फुरदावर माजलेले शेवाळ मरून तळाशी त्यांचे खाद्य होते.

कॅनडातील २२६ क्रमांकाच्या तलावात १९७३ मध्ये मधोमध पडदा लावून दोन्ही भागांत कार्बन व नत्र सोडले आणि स्फुरद केवळ एकाच भागात. हिरवा झाला तो तेवढाच भाग.

तळाचा प्राणवायू संपला की गाळातील लोहाने धरून ठेवलेले स्फुरद सुटते, म्हणजे बाहेरचा पुरवठा थांबवल्यावरही तलाव काही वर्षे स्वतःलाच खत घालत राहतो. अशा तळाचा नमुना बाटलीत घेऊन झाकण उघडले की सडक्या अंड्यांचा वास येतो. त्याच दुपारी पृष्ठभागावर, शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे, प्राणवायूमापक भरघोस आकडा दाखवतो. अहवालात हा दुसरा आकडा जातो आणि शेरा पडतो ‘समाधानकारक’. (नमुना घेणाऱ्याचा यात दोष नाही, त्याला वेळ आणि खोली कोणी सांगितलेलीच नसते.)

म्हणून विनंती अशी की, प्राणवायूची मोजणी पहाटे आणि तळापर्यंत व्हावी, प्रत्येक नाल्याच्या मुखाशी प्रवाहासह एकूण स्फुरद नियमित मोजले जावे, आणि तलावात पाणी सोडणाऱ्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना स्फुरद काढण्याची अट घालावी, कारण नेहमीच्या जैविक प्रक्रियेने बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) उतरला तरी बरेचसे स्फुरद पाण्यात तसेच राहते. गाळउपशाच्या पुढील प्रस्तावांना मंजुरी देण्यापूर्वी किमान एका वर्षाच्या अशा नोंदी मागवाव्यात.

आपला नम्र,
गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीवांचा एक अभ्यासक