रॉड माझ्याच हातात राहू दिलास म्हणून

प्रिय मित्रा,

धक्क्यावर उतरताना मी तुला ‘थँक्यू’ म्हटलं, तू मान हलवलीस आणि पुढच्या माणसाची पेटी उचलायला वळलास. मागे बोटीतून मासे उतरत होते, नंबर पुकारले जात होते, आणि तुम्हाला दुसऱ्याच दिवशी नवी माणसं घेऊन पुन्हा निघायचं होतं. त्या एका शब्दात माझं काहीच मावलं नाही. म्हणून हे मराठीत लिहितेय. माझी मुलगी तुला इंग्रजी करून वाचून दाखवील. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण खलाशाचे आभार चारचौघांत मानले जावेत असं मला मनापासून वाटतं. फोटोत मासा धरलेला माणूस दिसतो. त्याच्यासाठी सोळा दिवस राबलेला माणूस तेव्हा डेक धूत असतो.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी मूळची मालवणची. सॅन डिएगोत येऊन मला एकोणीस वर्षं झाली. इथल्या पॉइंट लोमाच्या धक्क्यांवरून लांब पल्ल्याच्या गरवण्याच्या बोटी सुटतात. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं, आमच्याकडे हाच शब्द. या बोटी आठ, दहा, सोळा दिवस दक्षिणेला जातात, मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून दूर, मोठ्या पिवळ्या परांच्या ट्यूनासाठी. ट्यूनाला आम्ही कुपा म्हणतो, पण मालवणच्या बाजारात जो कुपा मी पाहिला तो टोपलीत मावणारा. इथे दोनशे पौंडांच्या वरच्या माशाला ‘काऊ’ म्हणतात, म्हणजे गाय. एकोणीस वर्षं मी कित्येक शनिवारी त्या धक्क्यावर नुसती मासे उतरताना बघायला येत होते. विकत मिळत नाहीत, ते गरवणाऱ्यांचे स्वतःचे असतात. तरी यायचे. डिझेलचा, मिठाचा, माशाचा तो एकत्र वास मला दुसरीकडे कुठे मिळत नव्हता. पन्नासावं वर्ष सरलं तेव्हा साठवलेल्या पैशांतून मी सोळा दिवसांच्या सफरीत एक जागा घेतली. बावीस प्रवाशांत मी एकटी बाई.

निघतानाच बंदरातल्या तरंगत्या पिंजऱ्यांपाशी बोट थांबली आणि तुम्ही जिवंत तारल्या, म्हणजे गळाला आमिष म्हणून लावायचे छोटे मासे, भरून घेतल्या. जाळीचा डोल हातोहात पुढे सरकत होता आणि टाकीत तारल्यांचं चांदीसारखं चक्र फिरायला लागलं होतं. तू मला तिथेच पहिल्यांदा काहीतरी शिकवलंस. म्हणालास, या टाक्यांवर सगळी सफर उभी आहे. पाणी सतत खेळतं ठेवायला लागतं, खचाखच भरलं तर तारल्या गुदमरतात, आणि एक मेली की ती लगेच काढायची. पुढे रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तेव्हा तू एकटा टाकीवर वाकून लहान जाळीने मेलेल्या तारल्या वेचत होतास. सकाळी सहाला तूच कॉफी घेऊन हजर. या सोळा दिवसांत तू कधी झोपलास ते मला खरंच दिसलं नाही.

खाली पोचायला चार दिवस लागले. आम्ही गेलो ती गरवण्याची जागा, हरिकेन बँक, सॅन डिएगोपासून सुमारे साडेनऊशे सागरी मैलांवर आहे. भोवती समुद्र हजारो मीटर खोल, आणि मधूनच एक बुडालेला डोंगर पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतो. नकाशावर त्याचं नाव शिमाडा. बेल शिमाडा हे ट्यूनाचे अभ्यासक होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यात तेही होते. तिथून ते सैन्यात गेले, मग पॅसिफिकमधल्या ट्यूनाचा अभ्यास केला, आणि 1958 मध्ये मेक्सिकोत विमान अपघातात वारले. हे तू मला सुकाणूच्या पाळीवर असताना सांगितलंस. ज्या डोंगरावर आपण पोट भरतो त्याचं नाव कुणाचं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं, असं तू म्हणालास, आणि त्याच रात्री मी ठरवलं की या मुलाचं बोलणं नीट ऐकायचं.

वाटेत मेक्सिकोची रेविलाहिखेदो बेटं लांबवर पूर्वेला राहिली. 1977 मध्ये त्यातल्याच सान बेनेदिक्तो बेटाजवळ 388 पौंड 12 औंसांचा ट्यूना गळाला लागला होता आणि पुढे तीन दशकांहून जास्त काळ तो जागतिक विक्रम टिकला. 2017 पासून ती बेटं आणि भोवतालचा समुद्र राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे मासेमारी बंद. बोटीवरचे काही जुने गरवणारे हळहळले. तू मात्र म्हणालास की मोठ्या माशांना एखादं घर मोकळं हवंच. मलाही तेच वाटतं. आमच्या किनाऱ्यावर पर्ससीनच्या, म्हणजे यांत्रिक बोटींच्या मोठ्या जाळ्यांनी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून हातांनी ओढायच्या जाळ्याच्या, वाट्याला काय उरलं ते मी पाहिलंय.

त्या चार दिवसांत तू माझं सगळं सामान उलगडून पाहिलंस. दुकानातून बांधून आणलेली प्रत्येक गाठ कापलीस आणि पुन्हा बांधलीस. रिळाचा ब्रेक वजनकाट्याला दोरी लावून तपासलास. कठड्यावर रॉड, म्हणजे गळाची काठी, कसा टेकवायचा ते दाखवलंस. पाठीने ओढायचं नाही, कठड्याला वजन घेऊ द्यायचं. तारली कशी निवडायची तेही सांगितलंस. पाठ हिरवी, खवले शाबूत, नाक लाल झालेलं नको, आणि हातातून निसटायला बघणारीच घ्यायची. ओल्या हाताने, न दाबता. तिसऱ्या दिवशी तू विचारलंस, तुझे धाकटे भाऊ तुला काय म्हणतात? मी म्हटलं, ताई. त्यानंतर तू मला एकदाही ‘मॅम’ म्हणाला नाहीस.

आणि मग मी पहिला मासा घालवला.

तो मासा लागला तेव्हा मी जागची हलले नाही. दोरी बोटीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, पळत होती आणि मी मागच्या कोपऱ्यात रॉडला घट्ट धरून उभी. माशाच्या मागे चालायचं, दोरी कायम आपल्या समोर सरळ ठेवायची, हे तू चार दिवस सांगत होतास. आजूबाजूला ‘वरून’, ‘खालून’ असं ओरडत माणसं एकमेकांच्या रॉडखालून जात होती. माझी दोरी दुसऱ्या दोन दोऱ्यांत अडकली, घासली आणि तुटली. तुटताना आवाज होत नाही, फक्त हातातलं वजन नाहीसं होतं. ज्याची दोरी माझ्यामुळे अडकली तो माणूस चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. मी आत जाऊन बसले. तू मागोमाग आलास, शेजारी बसलास आणि म्हणालास, “तुला हलवायला मी पोचायला हवं होतं, मला उशीर झाला.” ते खरं नव्हतं, तू त्या वेळी दुसऱ्याचा मासा वर घेत होतास. पण मग तू नवी दोरी काढलीस, आणि या वेळी गाठ माझ्याकडून बांधून घेतलीस. सात वेळा. आठवी तू हाताला गुंडाळून जोर लावून ओढलीस, ती टिकली. म्हणालास, “उद्या हीच.”

दुसऱ्या दिवशी शार्कनी त्रास दिला. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात फक्त माशाचं डोकं आलं. तांडेलने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, नांगर उचलून जागा बदलली.

तिसऱ्या दिवशी पहाटे, उजेड अजून करडा असताना, तू स्वतः टाकीतून एक तारली काढून माझ्या ओंजळीत ठेवलीस. मी ती गळाला लावली, सोडली. रीळ मोकळं, अंगठा नुसता टेकलेला. तारली आधी रमतगमत जात होती, मग घाबरली, ते मला अंगठ्याला कळलं. आणि मग दोरी सुसाट सुटली. तू कानाशी मोजत होतास. “आता.” मी ब्रेक वर सरकवला आणि गरागरा फिरवलं, झटका न देता, तू सांगितल्याप्रमाणे. रॉड कठड्यावर वाकला आणि माझे पाय डेकवरून सरकले. तू माझ्या कमरेचा पट्टा मागून धरलास.

या वेळी मी चालले. मागून नाळेपर्यंत, नाळेवरून दुसऱ्या बाजूला. मासा नांगराच्या दोराकडे वळला तेव्हा माझा श्वास अडकला. तू तेवढ्यापुरता रॉड माझ्याकडून घेतलास, बाहेर झुकून दोराखालून पलीकडे काढलास आणि दोन श्वासांत परत माझ्या हातात दिलास. त्या तासाभरात रॉड तुझ्या हातात गेला तो एवढाच वेळ.

आभार मला खरे याचेच मानायचेत. पन्नास मिनिटांनी माझे हात थरथरायला लागले. शेजारच्या कुणीतरी चांगल्या मनाने म्हटलं, “तिला सोडव, तू घे.” तू माझ्याकडे बघितलंस, त्यांच्याकडे नाही. विचारलंस, “ताई?” मी मानेनेच नको म्हटलं. तू तुझा डावा हातमोजा काढून माझ्या हातात चढवलास, पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावलीस आणि परत पट्टा धरलास. पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, हातात एवढी ताकद, दहा मिनिटांत तू तो मासा वर आणला असतास. तुझे बाकीचे साथीदार बोलावत होते, पाच रॉड वाकलेले होते. तरी तू मला घाई केली नाहीस. माझ्या घरात मुलींना होडीवर नेत नसत. भाऊ गरवायला जायचा, मी किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी असायचे. किनाऱ्यावरून रापण ओढायला मात्र आम्हा सगळ्यांचे हात लागायचे. समुद्रात माझ्या हातात काही धरून उभं राहायला मला पन्नास वर्षं लागली होती. हे तुला मी सांगितलं नव्हतं. तुला ते कसं कळलं?

मग मासा बोटीखाली गोल फिरायला लागला. मोठा ट्यूना शेवटी असाच फिरतो, मोठ्या चकरा, प्रत्येक चकरेला जरासा वर. तो आपल्याकडे येतो तेव्हा दोरी क्षणभर सैल होते, तेवढ्यात अर्धा वळसा मिळतो. तो लांब जातो तेव्हा नुसतं धरून राहायचं. मला तो ठेका एकदम ओळखीचा वाटला. रापण ओढताना असाच असतो. लाट येते तेव्हा ओढायचं, ती परतते तेव्हा वाळूत पाय रोवून थांबायचं. मी नकळत मराठीत पुटपुटायला लागले. “थांब. थांब. ओढ.” आणि दोन-तीन चकरांनंतर तू माझ्याआधी म्हणायला लागलास. “ताई, थांब... ताई, ओढ!” तुझ्या उच्चारात ‘ढ’ नव्हता, ‘ओड’ होता. मी आयुष्यात इतकं नीट कुणाचं ऐकलेलं नाही.

“कलर!” तू ओरडलास. खाली हिरव्या पाण्यात एक फिकट चमक फिरत होती. आणखी दोघे गॅफ, म्हणजे लांब दांड्यांचे आकडे, घेऊन धावत आले, तुम्ही तिघे ओणवे झालात, आणि कठड्याचं दार उघडून तो मासा आत आला. एक तास वीस मिनिटं झाली होती. पिवळ्या लांब परांचे कोयते, शेपटीकडे जाणारी छोट्या पिवळ्या पिसांची रांग, आणि अंगावरून एक निळा रंग विझत चाललेला. मी त्याच्या कुशीला हात लावला. गरम होता. तू सांगितलंस की ट्यूना आपलं रक्त पाण्यापेक्षा गरम ठेवतो, म्हणून तर एवढा पळतो, आणि म्हणूनच त्याला क्षणभरही तसा ठेवायचा नाही, नाहीतर मांस आतून खराब होतं. तू एका घावात त्याला शांत केलंस, कल्ले कापून रक्त वाहू दिलंस, माझ्या नंबरचं लेबल लावलंस आणि गार पाण्याच्या कोठारात उतरवलास. त्याआधी फीत लावलीस. लांबी 70 इंच, घेर 50. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले 800. जवळजवळ 219 पौंड. धक्क्यावरच्या काट्याने नंतर 214 दाखवले, म्हणजे सत्त्याण्णव किलो.

त्यानंतर उरलेले दिवस मी फारसं गरवलं नाही. तू दोनदा विचारलंस, मी नको म्हटलं. माझं पोट भरलं होतं. एका दुपारी स्वयंपाकघरातल्या दादाने मला शेगडी दिली. आमसुलं आणि मसाला मी घरूनच नेला होता, नारळाच्या दुधाचे डबे त्यांच्याकडे होते. कुप्याचं कालवण केलं. तू उभ्याउभ्या तीन वाट्या भात खाल्लास आणि परत टाकीवर गेलास.

परतल्यावर एका रविवारी मी शेल्टर आयलंडवरच्या ट्यूना खलाशांच्या स्मारकापाशी जाऊन आले. तू सांगितलं होतंस म्हणून. एकेकाळी इथले पोर्तुगीज आणि जपानी कोळी बांबूच्या काठ्यांनी ट्यूना काढायचे, आणि मासा मोठा असला की दोन-तीन काठ्यांच्या दोऱ्या एकाच गळाला बांधून दोघे-तिघे मिळून एकदम उचलायचे. तिथे ब्राँझची तीन माणसं तशी खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मी बराच वेळ बघत होते. नऊ जणांच्या घरांत तो मासा वाटला गेला, भाऊ मालवणहून फोनवर वजन पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि प्रत्येकाला मी आधी तुझं सांगितलं, मग माशाचं.

तुझा डावा हातमोजा माझ्याकडेच राहिला. धुऊन वाळवलाय, अंगठ्यापाशी उसवला होता तिथे टाके घातलेत. तुमची बोट येत्या शनिवारी सकाळी धक्क्याला लागणार असं ऑफिसात कळलं. मी मुलीला घेऊन येते. आमसुलांची दोन पाकिटं आणतेय, एक तुला आणि एक स्वयंपाकघरातल्या दादाला. त्याला सांग, पाण्यात भिजवून मग घालायची, आणि कालवण उतरवायच्या थोडं आधी.

तुझी,
ताई