रक्त देण्याआधी वाच

नागपूर, १२ मे

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळी इथे धंतोलीतल्या लॅबमध्ये रक्त द्यायचं आहे. तू गाडीत निवांत असशील, तेव्हा हे नीट वाच. तीन महिने झाले, बोटांचे सांधे दुखून राहिलेत तुझे, सकाळी तासभर मूठ वळत नाही, गालावर लाली येते. डॉक्टरांनी ल्युपसचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराचा, संशय बोलून दाखवला आहे. हा संशय आहे, निदान नाही.

सगळ्यात आधी, पुण्यात कुणी सहज 'पाच दिवस घे, मोकळं वाटेल' म्हणून स्टेरॉइडची गोळी सुचवली तर घेऊ नकोस. त्या गोळीनं सूज उतरते, लाली विरते, सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा, खाली येतो, आणि डॉक्टर बोटं दाबून पाहतात तेव्हा त्यांना काहीच सापडत नाही. आधीच घेत असशील तर मात्र मनानं एकदम बंद करू नकोस. नाव, डोस आणि किती दिवस, ते लिहून आण. दुखण्याच्या गोळ्याही लिही, त्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, वाढू शकतं. केसांसाठी बायोटिन घेतेस ना? ते आजपासून बंद. थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे त्यानं चुकतात.

उपाशी राहायची गरज एएनएला, म्हणजे ल्युपससाठीच्या पहिल्या रक्ततपासणीला, नाही. साखर आणि लिपिड सोबत असतील तरच. पाणी मात्र भरपूर पी, शीर लवकर सापडते. तीन-चार नळ्या भरतील, एकूण फार तर तीन चमचे रक्त. जांभळ्या झाकणाची सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजायची, पिवळ्या किंवा लाल झाकणाची सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ द्रवाची. निळ्या झाकणाची असेल तर ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. त्यात रक्त आणि सायट्रेटचं (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाचं) नवास एक प्रमाण ठरलेलं असतं, कमी भरली तर रक्त गोठण्याचा आकडा खोटा येतो.

लोक रक्ताच्या रिपोर्टकडे डोळे लावून बसतात आणि लघवीची डबी घाईनं भरून देतात. मला तीच तपासणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. ल्युपस किडनीला लागला तर सुरुवातीला काहीच दुखत नाही, लघवीत प्रथिनं आणि रक्तपेशी दिसतात, बस. सकाळची पहिली लघवी घे. आधी साध्या पाण्यानं धुऊन घे, पहिली धार सोडून दे, मधली डबीत धर, शेवटची पुन्हा सोड. बोट आत लागू देऊ नकोस. पाळी सुरू असेल तर ती तपासणी चार-पाच दिवस पुढे ढकलू, नाहीतर पाळीचं रक्त किडनीच्या नावावर जाईल. डबी तासाभरात लॅबमध्ये पोचली पाहिजे. या दिवसांत सकाळी नऊलाच ऊन तापतं. गाडीच्या डिकीत डबी राहिली की जंतू वाढतात, आणि किडनीतल्या सूजेची खरी खूण असलेले कास्ट, म्हणजे किडनीच्या नळ्यांत तयार झालेले बारीक साचे, विरघळून जातात. रुटीनसोबत प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर लिहिलं आहे का ते चिठ्ठीवर पाहा. ते ०.५ च्या वर गेलं आणि पुन्हा तपासूनही तसंच आलं तर किडनीच्या बायोप्सीचा विषय निघतो.

आता एएनए. चिठ्ठीवर 'इम्युनोफ्लुरोसेन्स पद्धत' असं असू दे. त्यात तुझं सीरम पातळ करतात, १:८० म्हणजे एक भाग सीरम आणि ७९ भाग द्रावण. ते मानवी पेशी चिकटवलेल्या काचपट्टीवर ठेवतात, धुतात, वर चमकणारं रसायन जोडलेलं प्रतिद्रव्य घालतात, पुन्हा धुतात आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तुझ्या रक्तात पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिद्रव्यं असतील तर ती केंद्रकं कच्च्या सफरचंदासारखी हिरवी उजळतात. सगळं केंद्रक एकसारखं उजळलं की 'होमोजिनस', ठिपके ठिपके दिसले की 'स्पेकल्ड'. पण १:८० ला निरोगी शंभर माणसांतल्या साधारण तेरा जणांचाही पॉझिटिव्ह येतो. म्हणून नुसत्या 'पॉझिटिव्ह'वर रात्र जागू नकोस. टायटर किती (सीरम किती पातळ करूनही पॉझिटिव्ह राहतं), पॅटर्न कुठला, सोबत डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची प्रतिद्रव्यं), सी३ आणि सी४ (प्रतिकारशक्तीची दोन प्रथिनं) काय म्हणतात, हे सगळं डॉक्टर एकत्र वाचतील. एएनए निगेटिव्ह आला तर ल्युपसची शक्यता पुष्कळ कमी होते. एकदा पॉझिटिव्ह आला की तो पुन्हा पुन्हा करून उपयोग नाही, आजाराच्या चढउताराशी त्याचा मेळ नसतो.

दोन गोष्टी विचारायला विसरू नकोस. फेब्रुवारीत तुला तीन दिवस जोराचा ताप होता आणि दुखणं त्यानंतरच सुरू झालं. चिकुनगुनियाचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात आणि अगदी संधिवातासारखे दिसतात. त्याची आयजीएम, म्हणजे त्या संसर्गाविरुद्धच्या प्रतिद्रव्यांची, तपासणी लावायला सांग. दुसरं, आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि तुझी तपासणी कधी झालेली नाही. त्या आजारातही हाडं-सांधे दुखतात, शिवाय रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या झाल्या की नळीत एकमेकींवर चवडीसारख्या बसत नाहीत, त्यामुळे ईएसआर, म्हणजे पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात तो आकडा, खोटा कमी येतो. साधी सोल्युबिलिटी चाचणी मेडिकल कॉलेजातही होते, पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी.

गालाच्या लालीचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढ, फ्लॅश न लावता, आणि तारीख टाक. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत लाली उतरते की तिथली कातडी मोकळी राहते, ते फोटोत दिसायला हवं. ल्युपसची लाली सहसा तिथे शिरत नाही. स्टेशनवर उतरलीस की दुपट्टा पूर्ण बांध, उघड्या राहिलेल्या भागाला सनस्क्रीन लाव. उन्हानं लाली उठते, हे स्वतःच एक लक्षण आहे. मुद्दाम उन्हात जाऊन पाहू नकोस.

मधल्या काळात धाप लागली, छातीत दुखलं, पायांवर सूज आली किंवा लघवी फेसाळ, लालसर झाली तर सोमवारची वाट पाहायची नाही. लगेच तिथल्याच इस्पितळात जा आणि मला फोन कर.

डबी आणून बाथरूमच्या फळीवर ठेवली आहे, तुझं नाव लिहून. सोमवारी सकाळी वापरायच्या वेळीच झाकण उघड. मी स्कूटर काढून तयार असेन.

तुझी
आई